ऐकणीचे मास्तर

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. रस्तेबांधणी खात्याच्या भांडारात, जाळीच्या खिडकीमागे एका उंच स्टुलावर बसून त्यांनी चौतीस वर्षं नट-बोल्ट, पट्टे, बेअरिंगं आणि ग्रीसचे डबे वाटले. तरी सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, कारण खिडकीवर आलेल्या माणसाला सामानाबरोबर थोडं ज्ञानही घेऊन जावं लागे, मग ते त्याने मागितलेलं असो वा नसो.

"पट्टा द्या मास्तर, पंख्याचा."

"कुठल्या गाडीला?"

"पिवळ्या डंपरला."

"पट्टा नकोय तुला. पाण्याचा पंप बसलाय. काल फाटकातून गेली तेव्हा कण्हत होती."

चालक कुरकुरत जायचा, बघायचा, आणि तासाभराने येऊन मुकाट्याने पंपाच्या मागणीचा कागद खिडकीतून आत सरकवायचा. मास्तरांनी त्या गाडीला डोळ्यांनी पाहिलेलंही नसे. खिडकी होती मागच्या भिंतीकडे तोंड करून. गाड्या जायच्या पुढून. त्यांना फक्त कान होते, आणि त्या कानांवर खात्यातल्या साहेबापेक्षा लोकांचा जास्त विश्वास होता.

हे सगळं जुन्या गाड्यांपुरतं. पुढे लांब नाक असलेल्या, दारं लोखंडी बिजागऱ्यांवर टांगलेल्या, चढावर कण्हणाऱ्या आणि उतारावर खोकणाऱ्या. नव्या, सपाट तोंडाच्या गाड्यांना ते गाडी म्हणायलाच तयार नसत. "कपाटाला चाकं लावलीत," म्हणायचे. घरातही जुन्या गाड्यांचाच पसारा. दाराला अडसर म्हणून एक दातेरी चाक, कोयत्या-कात्र्यांच्या खणात पिस्टनची कडी, आणि पाहुण्यांना बसायला ट्रकची सीट, जिच्यावर बसलेला पाहुणा उठताना हमखास "आई गं" म्हणायचा. लेक तान्ही असताना तिला मास्तर इंजिनाचा आवाज काढून झोपवत. धीम्या गतीत चाललेलं, नुकतं गरम झालेलं सहा नळकांड्यांचं इंजिन. लेक पाच मिनिटांत गाढ झोपायची. मग मास्तरांना राहवायचं नाही, ते एक गिअर बदलायचे, आणि ती दचकून उठायची.

मास्तरांची बायको शाळेची बस चालवायची. पोरं तिला बसमावशी म्हणत, म्हणून त्यांच्या आयाही मावशी म्हणू लागल्या आणि शेवटी शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांची ती मावशीच झाली. एकवीस वर्षं, रोज दोन फेऱ्या, बेचाळीस लेकरं. गाडीविषयी मावशीला काडीचंही कौतुक नव्हतं. तिच्या मते गाडी म्हणजे जिच्यात सकाळी चढायचं आणि संध्याकाळी कंबर धरून उतरायचं, ती वस्तू. तिला फक्त काळजी होती, आणि काळजी करणारा माणूस गाडीच्या आरशात जितक्या वेळा बघतो तितक्या वेळा प्रेम करणारा बघत नाही. पोर उतरलं, की ते घराच्या दारात शिरेपर्यंत ती बस हलवत नसे. मागे गाड्यांची रांग लागली, लोक ओरडले, तरी नाही.

तर असं हे जोडपं. नवऱ्याला गाड्यांचं वेड, बायकोच्या हातात स्टिअरिंग. लोकांना यात गंमत वाटायची. खरी गंमत मात्र फक्त मावशीला ठाऊक होती, आणि ती हसण्यासारखी नव्हती. मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती.

ट्रक नाही, जीप नाही, काही नाही. सायकल यायची.

मावशीला हे कळलं ते तिला अवजड वाहनाचा परवाना काढायचा होता तेव्हा. मास्तरांनीच शेजारी बसून शिकवलं. पाय कुठे, हात कधी, कान कुठे, सगळं असं सांगितलं की परीक्षा घेणाऱ्या माणसाने विचारलं, "कुठल्या संस्थेत शिकलात?" घरी येताना ती सहज म्हणाली, "आता तुम्ही घ्या ना थोडं." मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मग हळूहळू सांगितलं. बावीस वर्षांचे असताना ते खात्यात चालक म्हणूनच लागणार होते. मैदानावर एका जुन्या ट्रकवर चाचणी होती. त्या गाड्यांचं असं असतं की गिअर नुसता ओढून चालत नाही. क्लच दाबायचा, गिअर सोडवायचा, क्लच सोडायचा, इंजिनाची गती चाकांच्या गतीशी जुळेपर्यंत थांबायचं, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. थांबणं क्षणभराने चुकलं की आतले दात दातांवर घासतात. मास्तरांचं चुकलं. तो आवाज ऐकून त्यांच्या स्वतःच्या दाढा ठणकल्या, म्हणे. दुसऱ्यांदाही चुकलं. ते मैदानाच्या मधोमध गाडी उभी करून उतरले आणि चालत घरी गेले. खात्याने त्यांना भांडारात जागा दिली.

"मग पुन्हा प्रयत्न नाही केलात?"

"तो आवाज मी काढायचा? मी?" मास्तर म्हणाले, जणू तिने त्यांना कुणाच्या पोराला मारायला सांगितलं होतं.

एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं लपली कशी, असं वाटेल. लपवावी लागलीच नाही. ज्याला गाडीचं एवढं कळतं त्याला ती चालवता येते का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

आणि त्यात ऐकणी होतीच. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तिथे वर्षातून एकदा जुन्या अवजड गाड्यांचे शौकीन जमतात. कुणी डंपर आणतो, कुणी लाकडं ओढणारा ट्रक, कुणी पाण्याचा टँकर. गाड्या पुसतात, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात, आणि मग ऐकणी होते. एकेक गाडी खाणीचा रस्ता चढून माथ्यावर जाते. पंच आणि झाडून सगळे प्रेक्षक रस्त्याकडे पाठ करून उभे राहतात. पहिली शिट्टी झाली की पाठ फिरवायची, दुसरी होईपर्यंत वळायचं नाही. रंग, चमक, चालकाच्या मिश्या, काही बघायचं नाही. फक्त ऐकायचं. दात वाजला की गुण गेला. हा नियम मास्तरांनीच घालून दिला होता आणि पंधरा वर्षं मुख्य पंचाच्या खुर्चीत तेच बसत आले होते, डोळे मिटून, हनुवटी किंचित वर. सगळ्यांना मागे न बघायला सांगणारा नियम आपल्याला किती सोयीचा आहे, हे मास्तरांच्या कधी लक्षात आलं नसावं. मावशीच्या आलं होतं. ती बोलली नव्हती.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं नाही. खात्याच्या आवारात कोपऱ्यात नऊ वर्षं उभा असलेला लांब नाकाचा डंपर दिला. साहेबांनी भाषणात याला कृतज्ञता म्हटलं. त्या जागेवर त्यांना स्वतःच्या मोटारीसाठी छप्पर घालायचं होतं, ते म्हटलं नाही. मास्तरांचे डोळे भरून आले. लोक टाळ्या वाजवत म्हणाले, "चालवत न्या घरी, मास्तर!"

"नऊ वर्षांनी एकदम चालू करायची?" मास्तर म्हणाले. "बेअरिंगं कोरडी आहेत. मारायचीय का तिला?"

हे खरंही होतं. डंपर क्रेनकाकांनी ओढून आणला. क्रेनकाका म्हणजे मास्तरांचे जुने दोस्त. जन्मभर क्रेन चालवली, एक कान त्यात गेला, उरलेल्या कानाने ते फक्त मास्तरांचं ऐकत. पुढचं वर्षभर घरामागच्या मोकळ्या जागेत डंपरची सेवा झाली. मास्तर सांगायचे, क्रेनकाका आणि ऐकणीत दरवर्षी गाडी चढवणारा गावचा वेल्डर करायचे. इंजिन सुरू झालं त्या दिवशी मास्तर त्याच्या नाकावर हात ठेवून इतका वेळ उभे राहिले की मावशीने घरातून हाक मारली, "अहो, ताप नाहीये तिला! जेवायला या."

मग एका रविवारी क्रेनकाका ट्रकच्या सीटवर बसून, चहाचा पेला गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "मास्तर, यंदा खुर्ची मी सांभाळतो. तुम्ही गाडी चढवायची. आता काही बहाणा चालणार नाही, गाडी तुमची आहे."

"एका कानाने पंच होणार तुम्ही?" मास्तर म्हणाले.

"एक कान ऐकायला पुरतो. दुसरा भांडणं ऐकायला लागतो, तो गेलाय ते बरंच."

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात लेक मध्ये पडली. लेक एकोणीस वर्षांची, कॉलेजात यंत्र अभियांत्रिकी शिकत होती, आणि का शिकत होती हे तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, बाबांमुळे. "काका, ठरलं म्हणा! मी सगळा वर्ग घेऊन येते. मी त्यांना कधीची सांगतेय, माझ्या बाबांसारखा गिअर टाकणारा माणूस नाही."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. "ठरलं," म्हणाले.

पुढचे चार दिवस ते नीट जेवले नाहीत. मावशी बघत होती. तिला त्यांच्या अब्रूची चिंता दुय्यम होती. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: हे अभिमानापोटी खरंच स्टिअरिंगवर बसतील, वळणावर गाडी गिअरमधून सुटेल, आणि खाली शंभर फूट दगड. काळजीच्या बाबतीत मावशीची कल्पनाशक्ती फार चांगली होती. ती दगडांचा रंगसुद्धा बघू शकायची.

पाचव्या दिवशी ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी चालवते."

"काय?"

"डंपर. तुमच्या त्या ऐकणीत. सगळ्यांची पाठच असते ना? तुम्ही स्टिअरिंगवर बसा, शिट्टी झाली की जागा बदलू. वर गेल्यावर दुसऱ्या शिट्टीच्या आत पुन्हा बदलू."

"अगं, ही फसवणूक आहे."

"आहे."

मास्तरांनी चिरलेल्या भाजीतला एक तुकडा उचलला आणि परत ठेवला. "पण गिअरबॉक्सच्या बाजूने विचार केला," ते हळूच म्हणाले, "तर हेच बरं."

अडचण एकच होती. मावशीची बस नव्या जातीची. तिच्यात गती जुळवायचं काम गाडी आपल्याआपण करते. तसलं थांबणं मावशीला कधी लागलंच नव्हतं. शिकायला हवं होतं, आणि डंपरवर शिकावं तर शेजारी भिंतीवर चढून बघणार. म्हणून शिकवणी स्वयंपाकघरात सुरू झाली, लेक कॉलेजात गेली की. एक खुर्ची. पायाखाली लाकडाच्या तीन फळ्या. शेजारी वाळूने भरलेली बादली आणि तिच्यात उभी रोवलेली छत्री, हा गिअर. इंजिन मास्तर स्वतः झाले.

"घर्र्र्र... क्लच. सोडव. क्लच सोड. थांब... थांब... आता!"

"टाकला."

"लवकर टाकलास. कर्रर्र! ऐकलंस? गेला दात."

"तोंडाने कर्रर्र करताय तुम्ही! छत्रीला कुठले दात?"

"आवाज मी काढतोय, पण तो तुझा आहे. पुन्हा."

मावशीने एकवीस वर्षांत मुलांच्या बापांकडूनसुद्धा एवढं ऐकून घेतलं नव्हतं. एकदा तर तिने छत्री उपसली आणि उगारली. पण दोन आठवड्यांत तिला कळायला लागलं, की मास्तरांच्या तोंडचं इंजिन थापा मारत नाही. चढावर ते खरंच दमायचं, सपाटीवर सुटायचं, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक बारीकशी फट यायची जिच्यात गिअर आपोआप पडल्यासारखा पडायचा. ती फट मास्तरांना आधी ऐकू यायची, मग मावशीला. शेवटी शेवटी ते "आता" म्हणायचे आणि ती टाकून मोकळी झालेली असायची. एका दुपारी, भर उन्हात सगळी वस्ती दारं लावून पडली असताना, त्यांनी डंपर मागच्या रस्त्यावर खरोखर नेऊन आणला. दात वाजला नाही. मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं, की मावशीला संकोचच वाटला. इतकी वर्षं ते असं फक्त इंजिनाकडे बघत आले होते.

ऐकणीच्या दिवशी दोघं सगळ्यांच्या आधी, लेक उठायच्या आत, डंपर घेऊन निघाले, मावशी स्टिअरिंगवर. "लवकर गेलं की सावलीत जागा मिळते," मास्तरांनी लेकीला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. मावशीने निघण्याआधी ब्रेक तीन वेळा तपासले आणि चाकांमागे लावायचे लाकडी ठोकळे दोनाऐवजी चार घेतले. खाणीत फक्त रखवालदार होता आणि तो झोपला होता.

दहाच्या सुमाराला खाण भरली. वेल्डरची बायको-मुलं आली, शाळेतली निम्मी पोरं आपापल्या आजोबांच्या बोटाला धरून आली, आणि लेक खरंच वर्ग घेऊन आली. क्रेनकाका खुर्चीत बसून डोळे मिटायचा सराव करत होते. चार गाड्या चढल्या. टँकरचा एकदा वाजला, लाकडांच्या ट्रकचा दोनदा, तिसरीचा इतका वाजला की पाठ करून उभ्या असलेल्या लोकांनी खांदे आवळले. चौथीने एकच चूक केली आणि तिच्या मालकाने वरूनच आरोळी ठोकली.

"आता मास्तर!" क्रेनकाका म्हणाले. "मावशी कशाला चढतायत वर?"

"ठोकळे लावायला," मास्तर म्हणाले.

पहिली शिट्टी झाली. दीडशे माणसं वळली. लेक पहिल्या रांगेत होती. तिने वळण्याआधी बापाला अंगठा दाखवला.

जागा बदलणं स्वयंपाकघरात सोपं होतं. तिथे मधे छत्री होती, हलवता यायची. इथे कमरेएवढा लोखंडी दांडा होता आणि दोघांची वयं पन्नाशीच्या पुढची. मास्तरांचा खिसा हातब्रेकला अडकला. मावशीचा गुडघा त्यांच्या बरगडीत गेला. "अहो, पाय!" "कुणाचा?" खाली लोक म्हणाले, मास्तर इंजिनाचा अंदाज घेतायत.

मग डंपर निघाला.

सपाटीवर पहिल्यातून दुसरा, लोण्यात सुरी जावी तसा. दुसऱ्यातून तिसरा. वळण आलं, इथे चौघांपैकी तिघे बुडाले होते, कारण इथे चढत्या गाडीचा गिअर खाली आणायचा असतो आणि त्यासाठी मधेच इंजिनाला नेमका दम द्यावा लागतो. मावशीने दम दिला, थांबली, टाकला. काहीच ऐकू आलं नाही. खाली दीडशे माणसं ते काहीच न ऐकू येणं ऐकत होती. क्रेनकाकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, असं वेल्डर पुढे सांगायचा. चढ संपता संपता पुन्हा तिसरा, आणि डंपर माथ्यावरच्या पांढऱ्या रेषेवर येऊन इतका अलगद थांबला, की त्यात दुधाची बादली असती तर तिच्यातली सायसुद्धा हलली नसती.

मावशीने हातब्रेक ओढला. सुटकेचा श्वास टाकला. आणि तिच्या हाताने, तिला न विचारता, भोंगा दाबला. दोन तुटक, एक लांब.

एकवीस वर्षं ती प्रत्येक थांब्यावर हेच करत आली होती. दोन तुटक म्हणजे आले. एक लांब म्हणजे चला, डबा राहिला तर राहू दे. गावातल्या प्रत्येक घराने हा भोंगा ऐकत वेण्या घातल्या होत्या आणि मोजे शोधले होते. खाली पाठ करून उभ्या असलेल्या पोरांपैकी सातजण ताडकन निघाले. एकाने पाण्याची बाटली उचलली. एक आजोबा म्हणाले, "अरे, आज सुट्टी आहे ना?"

आणि त्या शांततेत लेकीचा आवाज आला, "आई?"

ऐकणीच्या इतिहासात पहिल्यांदा सगळे दुसऱ्या शिट्टीच्या आत वळले. वर, नाक पुढे काढून डंपर उभा होता. स्टिअरिंगवर मावशी होती. शेजारी मास्तर, डोळे मिटलेले, उजवा हात अजून "आता" म्हणायच्या तयारीत हवेत.

माणसं रस्ता चढून वर आली. एवढे लोक एकदम काही बोलत नाहीत तेव्हा दगडसुद्धा अवघडतात. लेक सगळ्यांच्या पुढे होती.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला येत नाही?"

"येतं सगळं," मास्तर म्हणाले. "चालवत नाही, एवढंच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

वेल्डरच्या तोंडून निघून गेलं, "पंधरा वर्षं आमचे गुण कापताय तुम्ही, मास्तर!"

"कापले ते चुकीचे कापले का?"

वेल्डरने विचार केला. प्रामाणिक माणूस. "नाही. पण..."

"मग झालं."

क्रेनकाका मागून धापा टाकत आले. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. "एक दात वाजला नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आता गुण लिहू कुणाच्या नावावर?"

इथे मास्तर गप्प राहिले असते तर निभावलं असतं. लोक हसले असते, मावशीला बक्षीस मिळालं असतं, चार दिवस चर्चा झाली असती. पण क्रेनकाकांनी निकाल विचारला होता, आणि निकाल विचारल्यावर मास्तरांना राहवत नसे.

"पूर्ण गुण नाही देता येणार," ते म्हणाले. "शेवटचा तिसरा अर्ध्या श्वासाने उशिरा पडला."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. बेचाळीस लेकरं जिच्या एका नजरेने जागच्या जागी बसतात, ती नजर. मग तिने दार उघडलं, पायरीवर पाय दिला आणि खाली उतरली.

"मग चालवा तुम्हीच," ती म्हणाली.

बोलली मात्र, आणि लगेच ते चित्र पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे आलं. मास्तर वर एकटे. खाली एकच रस्ता, तोही उताराचा. वळण. शंभर फूट. दगडांचा रंग. ती माघारी वळून काहीतरी बोलणार होती, पण मास्तर आधीच सरकून स्टिअरिंगमागे बसले होते. त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले होते, गरम तव्यावर ठेवावेत तसे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते लेकीकडे बघत नव्हते.

मावशी गाडीला पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराने वर चढली.

"तू कशाला?"

"ठोकळे लावायला," मावशी म्हणाली. "निघा."

मास्तरांनी क्लच दाबला. मनात पाच आकडे मोजले, कारण उभ्या गाडीतही आतलं चाक फिरून थांबायला तेवढा वेळ लागतो, हे त्यांनी चौतीस वर्षं प्रत्येकाला सांगितलं होतं. मग पहिला टाकला. पडला. डंपर दोनदा उचकी लागल्यासारखा हलला आणि निघाला. माथ्यावर गोल फिरला, मावशीने "आरसा!" म्हटलं, "डावीकडे पोरं आहेत!" म्हटलं, "पोरांनो, मागे व्हा!" म्हटलं, आणि उताराला लागला. माणसं दोन्ही बाजूंनी बरोबर चालत होती. सगळ्यांचे कान लागले होते. आता दुसरा. आता टाकतील. सपाटी आल्यावर टाकतील.

सपाटी आली. फाटक आलं. रखवालदार जागा होऊन सलाम ठोकून गेला. डंपर पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, मोठ्या रस्त्याला लागला.

लेक खिडकीच्या बाजूने चालत राहिली. पळायची गरजच नव्हती. "बाबा, दुसरा टाका ना."

"टाकीन."

"इंजिन ओरडतंय."

"ओरडत नाहीये. बोलतंय. तू कॉलेजात काय शिकतेस?"

लेकीने वळून पाहिलं. तिचा वर्ग मागे रस्त्याच्या कडेने येत होता, आणि आता त्यांना काय सांगायचं ते ती ठरवत असावी. "तरीच आपल्या छत्रीला तसला वास येत होता," ती अचानक म्हणाली. "ग्रीसचा! स्वयंपाकघरात करत होतात ना तुम्ही दोघं हे?"

"तुझी आई चांगली शिकली," मास्तर म्हणाले. "तो शेवटचा तिसरा सोडला तर."

"अहो!"

"बाबा, मला कधी शिकवणार?"

"आधी मला येऊ दे," मास्तर म्हणाले, आणि हे त्यांच्या तोंडून लोकांसमोर पहिल्यांदाच निघालं. त्यांना ते कळलंही नाही. समोरून एक सायकलवाला येत होता आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे होतं.

घर सात किलोमीटर होतं. पहिल्या किलोमीटरनंतर मागे गाड्यांची रांग लागली. दुसऱ्यानंतर लोक ओरडायला लागले. मावशीला या आरडाओरड्याची सवय होती. ती आरशात बघून हाताने "जा, पुढे जा" करत होती. एक हातगाडीवाला त्यांना ओलांडून गेला आणि वळून वळून बघत राहिला. लेक दमली तेव्हा चालत्या गाडीच्या पायरीवर उभी राहिली, मावशीने "उतर आधी, नाहीतर आत ये!" म्हणून तिला दंडाला धरून आत ओढलं, आणि तिघं एका बाकावर दाटीवाटीने बसली. मावशीला आपल्या पायांचं काय करावं ते कळेना. एकवीस वर्षांत ती पुढच्या सीटवर नुसती बसली नव्हती. तिचा उजवा पाय सारखा रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता.

चौथ्या किलोमीटरला रस्ता सरळ आणि मोकळा झाला. मास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली. हात गिअरवर नेला. मावशीने श्वास धरला. लेकीने श्वास धरला. मास्तरांचा हात दांड्यावर तसाच राहिला, बराच वेळ, जसा निजलेल्या मुलाच्या डोक्यावर असावा तसा.

"पुढे चढ आहे," ते म्हणाले, आणि हात परत चाकावर ठेवला. चढ तिथून तीन किलोमीटरवर होता.

घराजवळच्या वळणाशी पोचेस्तोवर दुपार टळली होती. मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता, बोटं चाकाभोवती वळलेली, सरळ होत नव्हती. पण चेहऱ्यावरचा रंग परत आला होता आणि हनुवटी किंचित वर गेली होती, खुर्चीत बसल्यावर जायची तशी.

"ऐकलंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

मावशीने कान दिला. इंजिन घरघरत होतं, मागे कुणीतरी भोंगा वाजवत होतं. "काय? मला तर काहीच वेगळं ऐकू येत नाही."

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले. "सात किलोमीटर. एक दात वाजला नाही."